'बिन' आणि 'कोम'

विलायतेत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्याने मध्यंतरी एक गमतीची हकिकत कळविली. त्याच्या घरमालकीणबाईंनी आपल्या खापरपणजोबाचे, म्हणजे एका साध्या शेतमजुराचे, आयुष्य दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी जुळवून काढले आहे. १८५१ च्या खानेसुमारीत तो आईबापांजवळ आहे, १८६१ मध्ये कोणा परक्याच्या शेतावर चाकरीला आहे, १८७१ मध्ये त्याच्या नावाखाली बायकोचे आणि दोन मुलांचे नाव आहे. मधल्या काळातील लग्न चर्चच्या वहीत नोंदलेले असून तेथे नवऱ्या मुलाने सहीऐवजी फुली मारली आहे. बाईंना त्या फुलीचे फार कौतुक. त्यांच्याकडे खानेसुमारीचे घरोघरचे तक्ते शंभर वर्षे झाली की लोकांसाठी खुले होतात; १९२१ चे तक्ते २०२२ मध्ये असेच खुले झाले.

हे वाचून आम्हालाही हुरूप आला. आमचे पणजोबा पोलादपूरच्या डोंगराकडच्या एका वाडीत नाचणी-वरी पिकवीत. त्यांच्याविषयी आम्हाला तीन गोष्टी ठाऊक होत्या, आणि तिन्ही आजीकडून आलेल्या: ते उंच होते, त्यांचे लग्न महाडच्या अलीकडच्या एका गावात झाले, आणि ते 'तापाच्या साली' गेले. एवढ्या शिदोरीवर आम्ही शोधास निघालो. त्या शोधाची रसभरित कहाणी सांगण्याचा येथे हेतू नाही. कागदाने आम्हाला काय दिले आणि काय नाकारले, एवढ्याचाच विचार करावयाचा आहे; कारण साहित्याच्या वर्गात या प्रश्नाकडे ज्या तऱ्हेने पाहिले जाते ती आम्हाला पटत नाही.

प्रथम खानेसुमारी. हिंदुस्थानात सर्वत्र एकाच वेळी घेतलेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ ची. विलायतेतील त्या वर्षीची ३ एप्रिलची. अंतर जेमतेम दीड महिन्याचे आणि राणी एकच. तिकडचे तक्ते जपून ठेवले गेले. इकडे आकड्यांची बेरीज होऊन ग्रंथ छापले गेले की माणसांच्या नावांचे कागद नाहीसे करण्यात आले. त्यामुळे कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, त्या वर्षी अमुक जातीची माणसे किती होती हे आपल्याला सांगता येते. त्यांतील एकाही माणसाचे नाव सांगता येत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने तर ही माहिती कोणाला पाहता येणार नाही आणि पुरावा म्हणूनही चालणार नाही, असे ठरवून टाकले. त्यामागचा हेतू चांगला आहे. माणसाने निर्भयपणे खरे सांगावे म्हणून ते कलम आहे. पण परिणाम असा की आमचे पणजोबा, ते मोजले गेले असतील तर, एका बेरजेत एक अंक म्हणून आहेत. तो अंक शोधून काढता येत नाही.

मग लग्न. येथे तर कागदच नाही. ख्रिस्ती माणसाचे लग्न चर्चच्या वहीत सापडते, पारशांसाठी १८६५ पासून कायदा आहे. हिंदू शेतकऱ्याचे लग्न मांडवात, भटजींच्या आणि गावकीच्या साक्षीने होई आणि तेथेच संपे. विवाहनोंदणीचा मुंबईचा कायदा १९५३ चा, त्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा १९९८ चा, आणि सर्वांचीच विवाहनोंदणी सक्तीची करा असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले ते २००६ मध्ये. पणजोबांच्या लग्नाचा एकच कागद अस्तित्वात होता असे आम्हाला सांगण्यात आले. ती 'याद', म्हणजे कोणी कोणाला काय द्यावयाचे याची बोलणी झाल्यावर लिहिलेली यादी. महाडच्या बाजारपेठेत राहणाऱ्या आमच्या एका आप्ताच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती होती. २०२१ च्या जुलैत सावित्री पेठेत शिरली तेव्हा त्या ट्रंकेतील सर्व कागदांचा एक लगदा झाला. आप्तांनी तो आम्हाला वाळवून दाखविला. ज्या दिवशी तळियेच्या डोंगराने ऐंशीहून अधिक माणसे गिळली, त्याच दिवशीच्या पावसात एका जुन्या यादीचे काय झाले याची हळहळ बोलून दाखविणे अप्रशस्त वाटते. ती यादी आम्ही वाचली असती तर काय कळले असते? बहुधा लुगडी किती आणि भांडी किती, एवढेच. नवरीचे नाव तरी त्यात असते की नाही, कोणास ठाऊक.

राहता राहिली जमीन. शेतकऱ्याच्या आयुष्याचा खरा कागद जमिनीचा, असे आपण समजतो. सातबारा, फेरफार, वारसनोंद हे शब्द आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पण हक्कनोंदणीचा कायदाच मुळी १९०३ चा, आणि नोंद होते ती हक्क असलेल्याची. महाड-पोलादपूर भागात खोती गावे होती. खोत सरकारला सारा भरी आणि कुळांकडून आपला वाटा घेई. १८८० च्या खोती कायद्याने १८४५ च्या महसुली वर्षापासून जमीन सलग कसत आलेल्या कुळांना थोडेबहुत संरक्षण दिले. उरलेल्यांचे नाव खोताच्या घरच्या वहीत. नाव असले तर असले, आणि वही राहिली तर राहिली. आमचे पणजोबा या उरलेल्यांपैकी. डोंगरउताराच्या ज्या वरकस जमिनीवर त्यांनी राब जाळला आणि नाचणी लावली, तिच्या कागदावर ते कोठेही नाहीत. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारे कूळ मालक ठरले. हा सारा इतिहास आपण राजकारणाचा म्हणून शिकतो. आमच्या घरापुरता तो नावाचा इतिहास आहे. पणजोबांचे नाव सरकारी जमिनीच्या कागदावर पहिल्यांदा आले ते १९५७ नंतर, मुलाच्या नावात, बापाचे नाव म्हणून. मरून चाळीस वर्षे होऊन गेल्यावर.

'तापाच्या साली' गेले, असे आजी सांगे. तो धागा मात्र खरा निघाला. गावोगावच्या जन्ममृत्यूची वही, महसुली भाषेत गाव नमुना १४ आणि लोकांच्या भाषेत 'कोतवाल बुक', ही शेतकऱ्याच्या इतिहासाची सर्वांत उपेक्षित पोथी आहे. एका कचेरीत दोन दिवस बसून, मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गुरुजींच्या मदतीने, आम्ही १९१८ ची पाने पाहिली. त्या वर्षीच्या आश्विन-कार्तिकातील पाने जाड आहेत. इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली असे इतिहासात वाचले होते. ते आकडे येथे ओळीओळीने उतरले होते, आणि कारणाच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द: ताप. लिहिणारा काही पानांनंतर तोही शब्द न लिहिता वरच्यासारखेच अशी खूण करू लागला आहे. त्यांत आमचे पणजोबा सापडले. अमुक बिन तमुक, जात, वय 'सुमारे ४०'. आडनाव नाही, आमच्या घराला आडनाव आले ते पुढे, मुलगा दासगावहून बोटीने मुंबईस जाऊन गिरणीत लागला तेव्हा. 'सुमारे' हा शब्द आम्हाला फार बोलका वाटला. त्या पानावर तीस, चाळीस, पन्नास अशीच वये आहेत; एकोणचाळीस वर्षांचा कोणीही त्या गावात मेलेला नाही.

त्यांच्या खाली चार ओळी सोडून एक बाई आहे. तिचे नाव नाही. 'अमुकची बायको' एवढेच, आणि तो अमुक म्हणजे आमचेच पणजोबा. म्हणजे पणजी चार दिवसांनी गेली. हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. आजीने कधी सांगितले नाही, किंवा तिलाही कोणी सांगितले नसेल. जुन्या कागदांत स्त्री येते ती 'कोम' या शब्दामागून: अमकी कोम तमका. येथे तर 'कोम'च्या आधीचे नावही गळून पडले आहे. ज्या संस्कृतीत बाई नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय घेत नसे, त्या संस्कृतीच्या वहीत बाईचे नाव नवऱ्याशिवाय लिहिले जात नसे. आणि पुष्कळदा नवऱ्यासकटही लिहिले जात नसे. पणजीचे नाव काय होते हे आता या जगात कोणालाही माहीत नाही.

येथे एक तुलना करणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची आणि कोकणच्या इतर भागांतील अनेक शेतकरी कुटुंबे गिरमिटाने मॉरिशसला गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची दप्तरे आहेत: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरील खुणा, १८६० नंतरच्या दशकांतील अनेकांची तर छायाचित्रेसुद्धा. तिकडची मराठी माणसे आज आपल्या पूर्वजाचे गाव शोधीत कोकणात येतात, तेव्हा त्यांच्या हाती निदान एक कागद असतो. पणजोबांची उंची आम्ही आजीच्या तोंडून ऐकली. ते बोटीवर चढले असते तर ती इंचांत लिहिलेली मिळाली असती. पण तो कागद प्रेमापोटी केलेला नाही. मळेवाल्याला आपला माल ओळखता यावा म्हणून तो केला आहे. म्हणून मॉरिशसच्या दप्तरांविषयी हेवा वाटला तरी तो आम्ही गिळून टाकतो.

आता वर्गातील प्रश्न. पदव्युत्तर वर्गात 'आपल्या कुटुंबाचा इतिहास लिहा' असा उपक्रम देण्याची टूम अलीकडे बरीच रूढ झाली आहे. काही विद्यार्थी बांधीव कुलवृत्तांत घेऊन येतात, त्यात वीस पिढ्यांची वंशावळ असते. पोलादपूरकडचा मुलगा एका सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन येतो आणि ओशाळतो. मग शिक्षक त्याला धीर देतात, 'अरे, तुझ्याकडे मौखिक परंपरा आहे.' या धीराचा आम्हाला मनापासून राग येतो. मौखिक परंपरा थोर आहेच. पण कागद नसल्याची नुकसानभरपाई म्हणून ती दिली जाते तेव्हा तिचा आणि त्या मुलाचा, दोघांचाही अपमान होतो. आमच्या आजीने ताप लक्षात ठेवला, पण आपल्या सासूचे नाव तिच्याकडून सुटले. मौखिक परंपरेलाही भोके असतात, आणि बरीचशी त्याच जागी असतात जेथे कागदाला आहेत.

त्या मुलाला सातबारा वाचावयास शिकवावे, असे आमचे म्हणणे. कवितेइतक्याच बारकाईने. 'ए. कु. मॅ.' या तीन अक्षरांत एकत्र कुटुंबाची सारी सत्ता कशी एका भावाच्या हाती एकवटली आहे ते दाखवावे. 'अ. पा. क.' दिसले की येथे बाप लवकर गेला आहे हे त्याला कळावे. जुन्या महजरांत शेतकऱ्याची निशाणी म्हणून नांगर काढलेला असतो, सुतार-कुंभारांच्या निशाण्या त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या. पुढे सर्वांचाच डाव्या हाताचा अंगठा झाला. धंद्याने ओळखला जाणारा माणूस कातडीच्या रेषांनी ओळखला जाऊ लागला, ही काय लहान घटना आहे? इतिहासाचार्य राजवाडे याच जिल्ह्यातील वरसईचे. त्यांनी खेडोपाडी हिंडून दप्तरे वाचविली, म्हणून वतनदारांचा इतिहास उभा राहिला. कोतवाल बुकांसाठी तसा कोणी हिंडला नाही.

अलीकडे मात्र लोक हिंडू लागले आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू न्याय्य आहे हा या लेखाचा विषय नाही. आम्हाला खटकते ते एवढेच, की वही उघडली जाते, जातीचा रकाना पाहिला जातो, त्याची प्रत काढली जाते आणि वही मिटते. इतर मागासवर्गीयांच्या जातपडताळणीस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून पुष्कळ घरांचा इतिहास १९६६ च्या एखाद्या शाळेच्या दाखल्यापाशी येऊन थांबतो. त्या दाखल्यावरची जन्मतारीखही मास्तरांनी ठोकून दिलेली १ जून. त्याच ओळीत शेजारच्या रकान्यात माणूस कशाने मेला ते लिहिलेले असते, तिकडे कोणी पाहत नाही. भूक लागलेल्या माणसाने आधी भाकरी पाहावी हे खरेच. साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी शेजारचा रकाना वाचावा.

आमच्या एका कादंबरीकार मित्राने ही हकिकत ऐकून सुचविले, की पणजीला एक नाव द्या आणि लिहा. वाचकांना ती आवडेल. आम्ही नकार दिला. मराठी ग्रामीण कादंबरीने अशा अनेक पणज्यांना नावे दिली आहेत, आणि ती ललित लेखकाच्या अधिकारातील गोष्ट आहे. पण आमच्यापुरते बोलावयाचे तर, त्या पानावर जी जागा रिकामी आहे ती कोणी तरी रिकामी ठेवली आहे. आम्ही ती गोड नावाने भरली तर ठेवणारा सुटतो.

या शोधात आणखी एक कागद हाती आला. १९६० नंतरच्या दशकातील हक्कसोडपत्र. पणजोबांच्या नातीने, म्हणजे आमच्या आत्याने, वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क भावांच्या लाभात सोडून दिला, त्याचा. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वारस केले, आणि त्यामुळेच तिची सही आवश्यक ठरली. आमच्या घराण्यातील स्त्रीचे संपूर्ण नाव, वय आणि माहेरचे गाव असलेला हा सर्वांत जुना कागद. खाली तिने सही केली आहे, अंगठा नाही. शाळेत दोन इयत्ता झाल्या होत्या. अक्षर मोठे आहे, आडनावाचे शेवटचे अक्षर ओळीत मावलेले नाही म्हणून ते खाली लिहिले आहे.