धर्मगुरूची हद्द आणि वसईचे पाणी

धर्मगुरूने वेदी सांभाळावी आणि चळवळ कार्यकर्त्यांवर सोपवावी, हे मत पुण्याच्या कात्रज परिसरातल्या व्याख्यानांतून आणि वाचकमंडळांतून मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते, आणि त्यासाठी पुढे केले जाते ते जुलै २०२४ मध्ये दिवंगत झालेल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण. आक्षेपकाचे म्हणणे थोडक्यात असे, की चर्चने दिब्रिटोंना प्रवचनासाठी दीक्षा दिली आणि त्यांनी मोर्चे काढले. चर्चचा स्वतःचा कायदाच धर्मगुरूला राजकारण वर्ज्य ठरवतो. सेवा हा धर्मांतराचा बुरखा असतो. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अशा माणसाला देणे गैर होते. आणि या वाटेचा शेवट काय होतो, ते कोठडीत वारलेले जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांच्या बाबतीत दिसलेच.

यातल्या कायद्याच्या मुद्द्याचा विचार सविस्तर करावा लागतो, कारण आक्षेपक तो ब्रह्मास्त्र म्हणून वापरतो आणि कलम मात्र अर्धेच वाचतो. कॅथलिक चर्चची १९८३ ची कायदेसंहिता, म्हणजे ‘कॅनन लॉ’, आपल्या २८५ व्या कलमात धर्मगुरूला राज्यसत्तेत वाटा देणारे सार्वजनिक पद घेण्यास मनाई करते. २८७ वे कलम पक्षकार्यात आणि कामगार संघटनांच्या नेतृत्वात सक्रिय भाग घेण्यास मनाई करते, पण चर्चच्या हक्कांसाठी किंवा लोककल्याणासाठी आवश्यक वाटल्यास वरिष्ठ धर्माधिकारी त्याला अपवाद करू शकतात, असेही तेथेच म्हटलेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे याच कलमाचा पहिला भाग न्यायावर आधारलेली शांतता आणि सलोखा जोपासणे हे धर्मगुरूचे नित्य कर्तव्य ठरवतो. निषेध आहे तो सत्तेच्या खुर्चीचा, अन्यायाविरुद्ध बोलण्याचा नव्हे. आणि दिब्रिटोंनी निवडणुकीने मिळणारे कोणतेही पद कधी घेतले नाही. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या न्याय्य वेतनावर परिपत्रक काढले आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) जगातल्या गरिबांचे दुःख हे चर्चचे स्वतःचे दुःख मानले. त्या परिषदेचे वारे वाहत असतानाच दिब्रिटोंची पिढी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणालयात, घडत होती, आणि त्यांना दीक्षा मिळाली ती १९७२ मध्ये. तेव्हा ते वाट चुकले असे म्हणणाऱ्याने आधी ती वाट कोणी आखली, हे तपासावे.

या संदर्भात महाराष्ट्रातला एक जुना वाद आठवतो. संतांनी टाळ कुटले आणि समाज निष्क्रिय केला, असा आरोप करणारा एक पंथ येथे अनेक पिढ्या नांदला. त्याच वळणाची माणसे आज धर्मगुरूने टाळ सोडून रस्त्यावर का यावे, असे विचारतात. धार्मिक माणूस बसला तरी दोषी आणि उठला तरी दोषी ठरत असेल, तर आक्षेप त्याच्या कृतीला नसून त्याच्या असण्यालाच आहे, हे उघड होते.

दिब्रिटो उठले ते पाण्यासाठी. वसईच्या किनारपट्टीत पावसाचे गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते; विहिरी आणि ‘बावखल’ या नावाने ओळखली जाणारी छोटी तळी त्याच थरावर भरतात, आणि केळीच्या बागा, पानवेली नि भाजीचे मळे त्यावरच जगतात. उपसा मुरण्यापेक्षा वाढला की खारे पाणी वर सरकते आणि एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही. मुंबईलगतच्या बांधकामांसाठी टँकर याच विहिरींवर येऊन लागले, हिरवा पट्टा इमारतींना मोकळा करण्याचे आराखडे निघाले, गुंडगिरीने विरोधकांची तोंडे बंद होऊ लागली, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिब्रिटोंच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. महापालिकेत सामील झालेल्या गावांना टँकरची वाट पाहायला लावणारे शहरीकरण कात्रजच्या आसपास ज्यांना रोज दिसते, त्यांना तरी हा प्रश्न धर्मबाह्य वाटू नये.

धर्मांतराच्या आरोपाला उत्तर एवढेच, की वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांचा धर्म शतकानुशतकांचा आहे, आणि समितीत हिंदू शेतकरीही होते. संमेलनाविषयी इतके पुरे, की दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता आणि २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाच्या अध्यक्षपदी ते मराठी लेखक म्हणूनच निवडले गेले. स्टॅन स्वामींना पुण्यात दाखल झालेल्या एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी नळी मिळावी म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्याआधीच, ८४ व्या वर्षी ते कोठडीत असतानाच वारले. सिद्ध न झालेला आरोप ‘वाटेचा शेवट’ म्हणून दाखवणे ही निव्वळ निर्दयता आहे.

उलट बाजूने मांडायचे ते असे, की प्रवचन आणि चळवळ ही दिब्रिटोंच्या बाबतीत दोन कामे नव्हतीच. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी संपादित केलेले ‘सुवार्ता’ हे चर्चचे मासिक होते, पण परिसरातले सामाजिक आणि पर्यावरणाचे प्रश्न त्यात आले ते धर्मचिंतनाच्या शेजारी, त्याच वाचकासाठी आणि त्याच मराठीत. विहीर खारावल्यामुळे बाग सोडावी लागणारा शेतकरी रविवारी त्यांच्यासमोरच बसत होता. त्याच्याशी शेजाऱ्यावरील प्रेमाविषयी बोलायचे आणि विहिरीविषयी गप्प राहायचे, हे त्यांना मान्य नव्हते.