अध्यापकाच्या लेखणीला सहकाऱ्यांची साथ

दर वर्षी 5 सप्टेंबरला आपण गुरुजनांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करतो. 2023 पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांत उच्च शिक्षणातील अध्यापकांनाही स्थान मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु पुरस्काराच्या व्यासपीठापर्यंत न पोहोचणाऱ्या असंख्य प्राध्यापकांच्या अध्यापनाची नोंद कोण घेतो? पदोन्नतीच्या वेळी समितीपुढे ना वर्ग असतो, ना विद्यार्थी. असते ती केवळ एक फाईल.

या फाईलीचा इतिहास उद्बोधक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये ‘एपीआय’ ही गुणपद्धती आणली. हेतू वस्तुनिष्ठतेचा होता. प्रत्यक्षात गुणांच्या हव्यासापोटी सुमार नियतकालिकांचे पेव फुटले. 2018 च्या नियमावलीने महाविद्यालयीन अध्यापकांवरील संशोधनगुणांचा भार हलका केला. दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादीही 2025 मध्ये बंद झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रे सुचविण्यात आली. नावीन्यपूर्ण अध्यापन आणि भारतीय भाषांतील अध्यापन यांचा त्यांत समावेश होता. दिशा योग्य आहे. मात्र ‘मी उत्तम शिकवतो’ हे आकड्यांत नव्हे, तर शब्दांत सिद्ध करायचे, तर ते लिहिणार कसे?

टिटवाळा, खडवली, वासिंद या पट्ट्यातून लोकलने कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलांचा विचार करा. कित्येकांच्या घरात पदवीची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. मराठी माध्यमातून आलेल्या अशा विद्यार्थ्याला इंग्रजी ग्रंथातील संकल्पना त्याच्या अनुभवविश्वातील उदाहरणांनी उलगडून दाखविणारा प्राध्यापक फार मोठे काम करत असतो. पण अहवालाच्या रकान्यात तो लिहितो काय? ‘नियमित तासिका घेतल्या.’ संकोचापोटी त्याचे खरे कर्तृत्व कागदावर उतरतच नाही, आणि आयत्या शब्दांनी सजविलेली दुसरी फाईल पुढे सरकते. यात त्या प्राध्यापकाची हानी आहेच. त्याहून मोठी हानी त्याच्या विद्यार्थ्यांची आहे. ज्या कामाची दखल घेतली जात नाही, ते काम हळूहळू मागे पडते.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या परंपरेला अपरिचित नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘तद्विद्यसंभाषा’ सांगितली आहे : एकाच विद्येच्या जाणकारांनी परस्परांशी केलेली चर्चा. तिचे दोन प्रकार. प्रतिपक्षाला जिंकण्यासाठी होणारी ती विगृह्य संभाषा. स्नेहभावाने, ज्ञानवृद्धीसाठी होणारी ती संधाय संभाषा. ब्रिटनमध्ये विद्यापीठीय अध्यापकांना ‘ॲडव्हान्स एचई’ या संस्थेकडून चार श्रेणींत व्यावसायिक मान्यता मिळते. त्यासाठी त्यांना आपल्या अध्यापनाचे चिंतनपर निवेदन लिहावे लागते, आणि तेथे सहकारी एकमेकांचे मसुदे वाचून दुरुस्त्या सुचवितात. ही संधाय संभाषाच नव्हे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने ज्येष्ठ व निवृत्त प्राध्यापकांच्या मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय अभियानाची कल्पना मांडली आहे. पण सर्वच गोष्टींसाठी शासनाकडे का पाहावे? ठाणे-कल्याण-डोंबिवलीत निवृत्त प्राध्यापकांची वाण नाही. महिन्यातील एका रविवारी चार-पाच अध्यापकांनी एकत्र यावे. खडवलीला भातसेच्या काठी एखाद्या शांत जागी बसावे. सकाळी प्रत्येकाने एकच प्रसंग लिहावा : विद्यार्थी कोठे अडला, मी काय बदलले, त्याला काय उमगले, पुरावा कोणता. दुपारी तो इतरांनी वाचावा. ‘हे कशावरून?’ असा प्रश्न आपुलकीने विचारणारा सहकारी हाच खरा परीक्षक. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. सहकाऱ्याने प्रश्न विचारावेत, लेखन मात्र ज्याचे त्यानेच करावे. अन्यथा एक बाजार बंद करून दुसरा उघडल्यासारखे होईल.

पदोन्नती हे याचे तात्कालिक फळ. आपण कसे शिकवतो, हे प्रामाणिकपणे लिहू लागलेला अध्यापक दुसऱ्या दिवशी वर्गात अधिक सजगतेने उभा राहतो, हे स्थायी फळ. समाजाने दखल घ्यावी, ही अपेक्षा रास्तच आहे; पण आरंभ शेजारच्या सहकाऱ्याचा कागद वाचण्यापासून व्हावा.