‘चळवळ्या’ ही शिवी कोणाची?

१/ ९ सप्टेंबरला हुतात्मा शिरीषकुमारांच्या स्मारकापुढे नतमस्तक व्हायचे आणि धडगाव-अक्कलकुव्याहून चालत आलेल्या मोर्चाला ‘उपद्रवी’ म्हणायचे, ही आपल्या नंदुरबारची दुटप्पी सवय आहे. मित्रहो, तिचे मूळ शब्दांत शोधू.

२/ ‘चळवळ’ आली ‘चळवळणे’ या क्रियापदावरून : स्वस्थ न बसणे. ‘आंदोलन’ संस्कृत, मूळ अर्थ झोका, हेलकावा. दोहोंत अपराध नाही, केवळ हालचाल आहे. ज्यांना सारे जागच्या जागी हवे असते, त्यांनाच हालचाल हा गुन्हा वाटतो.

३/ म्हणून नाव कोण ठेवतो, हे महत्त्वाचे. टिळकांना विरोधकांनी हिणवले : ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’. चिरोलने १९१० च्या पुस्तकात त्यांच्यावर असंतोष पसरवल्याचा आरोप केला. टिळक लंडनच्या न्यायालयात हरले. मराठी माणसाने मात्र दोन्ही दूषणांची बिरुदे केली.

४/ ‘सत्याग्रह’ हा शब्द चळवळीने स्वतः घडवला. दक्षिण आफ्रिकेत मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला; गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी त्याच शब्दाला पाण्याच्या हक्काचा अर्थ दिला.

५/ ‘नागरी हक्क’ ही परदेशी आयात आहे, असे सांगणाऱ्यांनी कायदा उघडून पाहावा. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याचे १९७६ मध्ये नामांतर झाले : नागरी हक्क संरक्षण अधिनियम. आपल्या कायद्यात या शब्दाला विहिरीचा, रस्त्याचा, देवळाच्या पायरीचा संदर्भ आहे.

६/ आता आपल्या जिल्ह्याकडे या. १९७२ च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्यामागे भिल्ल सालदार व शेतमजूर उभे राहिले. मागणी काय? गेलेली जमीन परत आणि कामाचा रास्त दाम. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यानेच केला. मग उपद्रव कोणाचा होता?

७/ नर्मदाकाठच्या मणिबेलीची माणसे ‘विकासविरोधी’ ठरली. १९९२ मध्ये जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने सरदार सरोवराच्या पुनर्वसनातील गंभीर त्रुटी मांडल्या. विशेषण मात्र कोणीही मागे घेतले नाही.

८/ ८ फेब्रुवारी २०२१ रोजी पंतप्रधानांनी राज्यसभेत ‘आंदोलनजीवी’ हा शब्द वापरला आणि त्याला ‘परजीवी’ची जोड दिली. ‘श्रमजीवी’तील आदरार्थी प्रत्यय असा शिवीला जुंपला गेला.

९/ प्रत्येक मोर्चा न्याय्य असतो, असे माझे म्हणणे नाही. मागणी तपासा, पुरावा मागा, जरूर विरोध करा. पण विशेषण फेकून मागणी टाळू नका. १९४२ मध्ये गोळ्या झाडणाऱ्यांच्या लेखीही तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हुतात्मा नव्हता. तो शब्द आपण नंतर दिला. जिवंत माणसांना तो सन्मान द्यायला आपल्याला इतका उशीर का लागावा?