‘कळवतो’ म्हणाले!

मैत्रिणींनो, आज खरं तर कडधान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, ते सांगणार होते. पण गेला दीड महिना मी सांगलीहून पुण्याला लेकाकडे आले आहे, आणि इथं घरात जे घडलं ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय राहवत नाही. तुमच्यापैकी कितीजणींचा मुलगा, मुलगी, सून नाहीतर जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे? मग हे तुमच्याच घरचं समजा.

आमची सूनबाई सॉफ्टवेअर इंजिनिअर. नऊ वर्षं नोकरी केली, नातू झाला तेव्हा सोडली. आता तो दोन वर्षांचा झाला म्हणून तिनं जगभर नाव असलेल्या एका मोठ्या कंपनीत अर्ज केला. मला आपलं वाटलं, एक मुलाखत होईल, चार प्रश्न विचारतील आणि काय ते सांगतील. छे! आधी फोनवर बोलणं. मग घड्याळ लावून कॉम्प्युटरवर परीक्षा. त्यातून पार पडली, तेव्हा एकाच दिवशी चार मुलाखती, एकेक तासाभराची. घरातूनच, बेडरूमचं दार लावून. शिट्टीचा आवाज आत जाऊ नये म्हणून त्या दिवशी मी कुकर लावला नाही. भात पातेल्यात शिजवला आणि नातवाला घेऊन जिन्यात बसून राहिले.

विचारतात तरी काय, असं मी तिला नंतर विचारलं. तिनं मला कळेल असं एक उदाहरण दिलं. समजा, घराण्याची वंशावळ काढली आहे. मूळ पुरुष वर, खाली प्रत्येकाला फार तर दोन मुलं. आता ते सगळं झाड आरशात दिसावं तसं डाव्याचं उजवीकडे करायचं, आणि कॉम्प्युटरनं ते कसं करावं हे त्याच्या भाषेत लिहायचं. समोरचा टक लावून बघत असतो, आणि वर आपल्या मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोलतही राहायचं!

“मग हे ऑफिसात रोज करावं लागतं का गं?”

“नऊ वर्षांत एकदाही नाही, आई.”

या वंशावळीवर भलेभले अडलेत बरं का. मॅक्स हॉवेल नावाच्या गृहस्थांनी ‘होमब्रू’ नावाचं एक सॉफ्टवेअर लिहिलं. ते गूगलमधले कितीतरी इंजिनिअर वापरतात, तरी याच प्रश्नापायी गूगलनं आपल्याला घेतलं नाही, असं त्यांनी २०१५ साली जाहीरपणे लिहिलं होतं. आणि तुमच्या भिशीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात ना? ते व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांपैकी ब्रायन ॲक्टन यांना २००९ साली फेसबुकनं नोकरी नाकारली होती. २०१४ मध्ये त्याच फेसबुकनं व्हॉट्सॲप १,९०० कोटी डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. पूर्वी तर म्हणे विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, असंही विचारायचे. त्यात निव्वळ वेळ जातो, हे गूगलमधल्या नोकरभरतीच्या मुख्य अधिकाऱ्यांनीच २०१३ साली कबूल केलं. आमचे हे म्हणाले, “चेंडू मोजण्यापेक्षा वंशावळ बरी!”

तर आमच्या सूनबाई तिसऱ्या मुलाखतीत अडल्या. फोन बंद झाल्यावर पाच मिनिटांत तोच प्रश्न तिनं भाजीच्या यादीच्या पाठीमागे सोडवला. ती यादी अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे. चौथ्यानं विचारलं, “ही दोन वर्षं आपण काय करत होतात?” यावर मी काय उत्तर दिलं असतं, ते इथं लिहीत नाही. शेवटी “कळवतो” म्हणाले. अठरा दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं, की या वेळी पुढे जाता येणार नाही. का, ते नाही.

आणि मैत्रिणींनो, त्या दिवशी मी एक चूक केली. मी म्हणाले, “अगं, नंतर पाच मिनिटांत सुटलं, मग तिथं कसं सुटलं नाही? जरा लक्ष देऊन करायचं होतंस.” ती काहीच बोलली नाही. उठली आणि बाईसाठी ठेवलेली सगळी भांडी घासून काढली.

रात्री मला झोप लागेना. १९८१ साली मिरजेला माझ्या मामाच्या घरी मला ‘बघायला’ आले होते ते आठवलं. पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि मुलाच्या आत्यानं सुई-दोरा पुढे केला, “ओवून दाखव.” घरातल्या सगळ्यांची पोलकी मी शिवत होते हो! पण सात माणसं हाताकडे बघतायत म्हटल्यावर दोरा काही सुईत जाईना. तीनदा चुकला. तेही “कळवतो” म्हणाले होते. अजून कळवायचं आहे!

सकाळी लेकाला हे सांगितलं, तेव्हा त्यानं मला एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या आणि मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. अर्ध्यांना परीक्षकासमोर फळ्यावर, मोठ्यानं बोलत गणित सोडवायला लावलं. अर्ध्यांना तेच गणित खोलीत एकट्यानं सोडवू दिलं. बघणारा समोर असला की कामगिरी निम्म्याहून खाली घसरली! आणि परीक्षकासमोर बसलेल्या मुलींपैकी एकही पास झाली नाही, एकट्या बसलेल्या सगळ्या पास झाल्या. मुली मोजक्याच होत्या, त्यामुळे यावरून फार मोठं काही सांगता येत नाही, हे खरं. पण मला माझी सुई आठवली.

मी सूनबाईची माफी मागितली. शब्दांत नाही, आपल्याला ते कुठं जमतं! दुपारी चारला गवारीची परडी घेऊन तिच्या समोर जाऊन बसले आणि म्हटलं, “मी बघते तुझ्याकडे. तू सोडव, बोलत.” आता रोज पाऊण तास हे चालतं. मोबाईलवर गजर लावतो. मी मुद्दाम तोंड गंभीर ठेवते. ती गप्प झाली की “बोल” म्हणते, आणि मधूनच “का?” विचारते. मला ओ की ठो कळत नाही, पण त्यानं बिघडत नाही. एकदा मात्र ती प्रत्येक आकडा पुन:पुन्हा शोधत होती, तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, “आधी लहान-मोठे लावून का घेत नाहीस, डबे लावतो तसे?” ती माझ्याकडे बघतच राहिली. तेच करायचं होतं म्हणे! (दर वेळी असं होत नाही हं. परवा मी सुचवलेलं सपशेल चुकलं.)

तुमच्याकडे कोणी या परीक्षेला बसत असेल, तर घरच्यांनी निकाल विचारू नये. नातेवाइकांना तारीखही सांगू नये, नाहीतर फोनवर फोन येतात. फेऱ्या किती आणि उत्तर कधीपर्यंत, हे कंपनीला आधीच विचारून घ्यावं. त्यात कमीपणा नाही. दोन मुलाखतींच्या मध्ये दहा मिनिटं सुट्टी मागावी. हातातली नोकरी असेल, तर नेमणुकीचं पत्र हाती पडेपर्यंत राजीनामा मुळीच देऊ नये. पुष्कळ ठिकाणी तीन महिन्यांची नोटीस असते, म्हणून घाई होते, पण तोंडी शब्दावर उडी नको. आणि एकदा नाही म्हणाले तरी पुष्कळ मोठ्या कंपन्या सहा महिने-वर्षानं पुन्हा अर्ज करू देतात.

येत्या गुरुवारी तिची दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत आहे, सकाळी दहाला. कुकर मी सातलाच लावून टाकणार आहे. नातवाला खालच्या मजल्यावरच्या काकू सांभाळतील. दोन वर्षांचा प्रश्न पुन्हा आला तर काय सांगायचं, ते मात्र अजून आमचं ठरत नाहीये. तुमच्या घरी कोणी काही चांगलं उत्तर दिलं असेल, तर जरूर लिहा.

कडधान्यांचं पुढच्या अंकात.