ओटा आणि कोठीघर

आमचे कांहीं वाचक विचारतील कीं, जन्मभर शब्दरूपें घोकून घेणाऱ्या मास्तरानें संगणकाच्या भानगडींत कां पडावें? आक्षेप रास्त आहे. परंतु निवृत्तीनंतर वर्ध्यांतील एका लहान वाचनालयाच्या समितींत आमची वर्णी लागली, आणि गेल्या वैशाखांत हा विषय आपण होऊन आमच्या दारीं आला.

वाचनालयांत एक सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे स्वतः आड राहून इतर संगणकांची चाकरी करणारा संगणक. सभासदांचीं खातीं, ग्रंथांची सूची, जुन्या मासिकांचीं पानें, सारें त्याच्या पोटांत. परीक्षार्थी मुलांची गर्दी झाली कीं तो गुडघे टेकी. एक पुस्तक शोधावयास मिनिटें लागत. समितीचें मत पडलें कीं, अभ्यासिकेच्या नव्या खोलीसाठीं जमविलेली ठेव मोडून नवें यंत्र घ्यावें. म्हणजे मुलांच्या सोयीकरितां मुलांचीच खोली बुडवावयाची!

त्याच सुमारास आमचा पुतण्या नागपुराहून सुटींत आला. तासभर यंत्राची नाडी पाहून तो म्हणाला, "काका, याचा मेंदू रिकामा बसून आहे, तबकडी मात्र अखंड फिरते आहे. याला रॅम कमी पडते. नवें यंत्र कशाला घेतां?"

आमच्या भगिनींना हें सहज उमजेल. मोठ्या कुटुंबांत धान्य कोठीघरांत असतें, पण स्वयंपाक ओट्यावर होतो. तबकडी हें कोठीघर आणि रॅम हा ओटा. पंगत मोठी व ओटा अरुंद असला, म्हणजे एक डबा परत ठेवल्यावांचून दुसरा आणतां येत नाहीं, आणि सारा वेळ येरझारांत जातो. फिरत्या तबकडीवरून मजकूर शोधून आणण्यास रॅमपेक्षां सुमारें लाखपट वेळ लागतो, म्हणजे येरझार किती महाग पडते तें पाहावें.

येथवर ठीक होतें. पुढची चूक आमची. काटकसरीच्या उत्साहांत पुतण्याला न विचारतां आम्हीं बाजारांतून १६ जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या. खांचेंत त्या नीट बसल्या. पण कळ दाबतांच यंत्रानें शिट्ट्या दिल्या आणि पडदा काळाच राहिला. आम्हीं आकडा पाहिला होता, जात पाहिली नव्हती. त्या पट्ट्या घरगुती संगणकाच्या होत्या. आमच्या सर्व्हरला 'रजिस्टर्ड' पट्टी लागते. तिच्यांत जणूं एक कारकून बसलेला असतो, जो आज्ञा क्षणभर धरून पुढें पोहोंचवितो. शिवाय तिला चूक दुरुस्त करण्याची विद्या असते. दर ६४ बिटांमागें ८ जादा बिटें पहाऱ्याला ठेवलेलीं असतात. एक बिट फिरलें तर तीं तें सुधारतात. दोन फिरलीं तर निदान ओरडून सांगतात.

हें ऐकून आम्हांस आपल्या वैदिकांची आठवण झाली. क्रम, जटा, घन अशा पाठांत तींच पदें उलटसुलट म्हणावयाचीं, तीं याचकरितां कीं एक अक्षर ढळलें तर लगेच ध्यानांत यावें. युनेस्कोनें २००३ सालीं या परंपरेचा गौरव केला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत रुग्णांच्या नोंदी संगणकावर असतात. तशा ठिकाणीं औषधाच्या मात्रेंतील एक अंक फिरला तर काय अनर्थ होईल, हें मनांत आणिलें म्हणजे त्या ८ पहारेकऱ्यांचें मोल कळतें.

दुकानदारानें पट्ट्या बदलून दिल्या. मग पुतण्यानें प्रथम सर्व नोंदींची दुसऱ्या तबकडीवर नक्कल उतरविली. यंत्राची पुस्तिका वाचून कोणत्या खांचा आधीं भरावयाच्या तें पाहिलें. विजेची दोरी काढली आणि मनगटास जमिनीशीं जोडलेला पट्टा बांधला. कारण आमच्या कोरड्या उन्हाळ्यांत अंगावर जमणारी वीज आपणांस जाणवतही नाहीं, पण पट्टीचा घात करूं शकते. जुन्या पट्ट्या काढून नव्या बसविल्या आणि रात्रभर स्मृतीची परीक्षा घेतली. सकाळीं एकही चूक नव्हती. आतां पुस्तक क्षणांत सांपडतें, आणि अभ्यासिकेची ठेव शाबूत आहे.

रॅम वाढविणें हें सर्व रोगांवर औषध नव्हे. मेंदूच थकला असेल, किंवा तबकडी झिजली असेल, तर हा खर्च वायां जाईल. म्हणून आधीं निदान, मग औषध. आणि ज्याला विषय कळतो तो वयानें लहान असला तरी आधीं त्याला विचारावें. हें शेवटलें वाक्य आम्हीं समितीच्या कार्यवृत्तांत स्वहस्तें, आमच्या चुकीसकट, नोंदवून ठेविलें आहे.