एका क्रियापदाचा पसारा

इंग्रजीत रात्रंदिवस तोंडी येणाऱ्या शब्दांपैकी अर्थांच्या संख्येने सर्वांत संपन्न शब्द कोणता, असा प्रश्न कोणी केला, तर आज ‘रन’ या इवल्याशा क्रियापदाकडे बोट दाखवावे लागते. कारण ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाची तिसरी आवृत्ती सिद्ध होत असता पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एकाच क्रियापदाचे ६४५ अर्थ पृथक् करून मांडले आणि त्या एका नोंदीपायी त्यांचे सुमारे नऊ महिने खर्ची पडले, ही वार्ता २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत हा मान ‘सेट’ या क्रियापदाचा होता. आकडा थक्क करणारा खरा. पण एवढे अर्थ एका शब्दाच्या ठायी एकवटले कसे, हा त्याहून अधिक मनन करण्याजोगा विषय आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की, पायांनी धावणे हाच ‘रन’चा मूळ अर्थ असून नदी, नळ, अश्रू यांच्या संबंधात तो पुढे लक्षणेने योजला गेला. भाषेचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. जुन्या इंग्रजीत या कुळातील दोन क्रियापदे होती, एक अकर्मक व दुसरे प्रयोजक, म्हणजे एक स्वतः धावण्याचे आणि एक दुसऱ्यास धावविण्याचे. नॉर्स लोकांनी इंग्लंडात वसाहती केल्यानंतर त्यांच्या बोलीतील सजातीय रूपांचे बळ या दोहोंना मिळाले, आणि कालांतराने ही सर्व रूपे परस्परांत मिसळून आजचे एकच ‘रन’ उरले. जर्मन भाषेत या कुळाच्या दोन शाखा अद्याप निरनिराळ्या नांदत आहेत: ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे पाझरणे, वाहणे. तेव्हा नदी किंवा सर्दीने बेजार झालेल्याचे नाक ‘रन’ करते असे इंग्रज म्हणतो, त्या वेळी तो अलंकार योजीत नसून वाडवडिलांची वहिवाट पुढे चालवीत असतो.

अकर्मक आणि प्रयोजक यांच्या या मिलाफातच, माझ्या मते, शब्दाच्या पुढील उत्कर्षाचे बीज आहे. घोडा ‘रन’ करतो आणि स्वारही घोड्याला ‘रन’ करतो, अशी दुहेरी सोय ज्या शब्दात आयतीच होती, त्याला यंत्रयुग अवतरल्यावर नवे क्षेत्र सहजच लाभले. गिरणीतील यंत्र ‘रन’ करू लागले, यंत्रावर देखरेख करणारा यंत्राला ‘रन’ करू लागला, आणि मालक तर सबंध गिरणीच ‘रन’ करू लागला. लोहमार्गावरील गाडी, रंगभूमीवर महिनोन्‌महिने चालणारे नाटक, धुण्यात उतरणारा कपड्याचा रंग, अंगात भरलेला ताप, आणि आता संगणकाच्या अंतरंगात चालणारी आज्ञावली, या सर्वांची सोय त्याच एका शब्दाने लावली. राजकारणात तर देशपरत्वे भेद पडला. अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमधील उमेदवार पार्लमेंटसाठी ‘स्टँड’ करतो. एक धावतो, दुसरा उभा राहतो, आणि दोघेही मते मागतात. मराठीतही उमेदवार निवडणुकीला उभाच राहतो, हे येथे ध्यानात येण्याजोगे आहे. क्रिकेटच्या ‘रन’ला मात्र आपण ‘धाव’ म्हटले आणि मूळच्या अर्थविस्तारासकट तो शब्द आपलासा केला. म्हणूनच चेंडू सीमापार गेला आणि दोन्ही फलंदाज जागचे हलले नाहीत, तरी फळ्यावर चार धावा लागतात आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

कोशकारांना या सामान्य क्रियापदांनी फार छळले आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत ‘कम’, ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’, ‘टेक’ अशा शब्दांची यादीच देऊन त्यांनी आपली अडचण निवेदन केली, आणि त्या यादीत ‘रन’ही आहे. या शब्दांचे अर्थ इतके शिथिल व व्यापक, आणि भाषा जिवंत असेतोवर त्यांचे परस्परसंबंध इतके अस्थिर, की त्यांना कोशात नेमके पकडून ठेवणे दुरापास्त, हा त्या विवेचनाचा आशय. पुढे ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांना निराळाच अनुभव आला. १८७९ साली त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्व लोकांना आवाहन केले की, ग्रंथ वाचताना आढळणारे शब्दप्रयोग, ग्रंथाचे नाव व सालासह, चिठ्ठीवर उतरून पाठवावेत. त्यापूर्वी जमलेल्या चिठ्ठ्यांचे दफ्तर लावू जाता मात्र असे दिसून आले होते की, ‘अब्यूझन’ या लुप्तप्राय शब्दाचे सुमारे पन्नास दाखले जमले आहेत आणि नित्याच्या ‘अब्यूज’चे पाचही नाहीत. वाचकाची दृष्टी दुर्मिळ शब्दावर खिळते आणि ज्याच्या खांद्यावर वाक्याचा भार असतो तो शब्द नजरेआड होतो. ती उणीव भरून काढण्यासाठी मरे यांना व त्यांच्या साहाय्यकांना पुन्हा ग्रंथ धुंडाळावे लागले.

आता पर्यायशब्दांचा विचार. हॉटेल ‘रन’ करणे आणि हॉटेल ‘मॅनेज’ करणे यांचा तर्जुमा आपण ‘हॉटेल चालवणे’ असा एकच करतो. परंतु ‘मॅनेज’ हा इटालियन भाषेतून आलेला शब्द मुळात घोडा हाताळून शिकवण्याचा, आणि आज त्यात व्यवस्थापकाच्या हुद्द्याचा व नेमून दिलेल्या जबाबदारीचा वास आहे, तर ‘रन’मध्ये स्वतः राबून ते चालते ठेवण्याची घरगुती आपुलकी आहे. ‘ऑपरेट’ हा लॅटिन कुळातला. तो करारनाम्यात शोभतो, ओसरीवरच्या गप्पांत शोभत नाही. पीटर मार्क रॉजेट या वैद्याने १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपला प्रख्यात पर्यायकोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने शब्दांच्या व्याख्या दिल्याच नाहीत. मनात कल्पना आहे पण तिला साजेसा शब्द आठवत नाही, अशा माणसासाठी त्याने ते शब्द कल्पनांच्या वर्गवारीने मांडले, आणि त्या शब्दांच्या छटा वाचकाच्या परिचयाच्या आहेत हे गृहीत धरले. ज्याला त्या छटा ठाऊक नाहीत त्याच्या हाती ही यादी पडली, म्हणजे तो कोणताही शब्द कोणत्याही जागी बसवतो.

आमच्या शाळांत इंग्रजीच्या तासाला नेमके हेच घडते, याचे मला मनापासून दुःख होते. फळ्यावर डाव्या हाताला एक शब्द, उजव्या हाताला त्याचे चार पर्याय, आणि परीक्षेत त्यांची घोकंपट्टी. ‘रन आउट’, ‘रन डाउन’, ‘रन इन्टू’ यांत एका अव्ययाने अर्थ कसा पालटतो, हे मुलाला सांगायला सवड कोणाला नाही. यापेक्षा तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेची जुनी रीत शतपटीने शहाणपणाची होती, कारण तीत शब्द एकटा येत नसे, वाक्यात येत असे, आणि विद्यार्थी ते वाक्य मराठीत आणि मराठीतले इंग्रजीत करता करता शब्दाची संगत ओळखू लागे. शिक्षकांनी महिनाभर पर्यायांची यादी मिटून ठेवावी, वर्गातील प्रत्येक मुलाला वर्तमानपत्रातून, गोष्टीच्या पुस्तकातून ‘रन’ आलेली पाच वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून आणायला सांगावीत, त्या चिठ्ठ्यांच्या अर्थावरून राशी मुलांनाच लावू द्याव्यात, आणि एखादी चिठ्ठी कोणत्या राशीत घालावी यावर त्यांचा वाद जुंपला, तर तो मिटवण्याची घाई करू नये.