गाडीला ऑनिंग हवं का?

मंडळी, गेले दोन वीकेंड मी एकाच प्रश्नावर खर्ची घातले. कॅम्परव्हॅनला ऑनिंग बसवावं की नाही? ऑनिंग म्हणजे गाडीच्या बाजूला गुंडाळून ठेवलेलं कापडी छप्पर. हँडल फिरवलं की उलगडतं. फोटोत काय झकास दिसतं! खाली दोन खुर्च्या, वाफाळता चहा, समोर जंगल... किंमत मात्र माझ्या होम लोनच्या हप्त्याला लाजवेल अशी.

आमच्या बहुतेक ट्रिपा चंद्रपूर-गडचिरोलीकडे. (बायकोचं माहेर ब्रह्मपुरीचं, त्यामुळे चॉइस नाहीच.) ऑनिंगची गरज पटते ती एप्रिल-मेमध्ये. वाघ बघायला ताडोब्याला गर्दी होते तीही तेव्हाच. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि जंगल भरपूर म्हणून सावलीही भरपूर असेल हा आपला शहरी समज. इथलं जंगल मुख्यतः सागाचं आणि उन्हाळ्यात सागाला पानंच नसतात! पहिल्या ट्रिपला मी मोहर्लीजवळ मोठ्या विश्वासाने झाडाखाली गाडी लावली होती. वर बघतो तर नुसत्या काड्या.

म्हणजे ऑनिंग हवंच की! मलाही तसंच वाटलं. मग इंजिनिअरचा किडा वळवळला आणि हिशेब केला. चंद्रपूर साधारण 20 अंश अक्षांशावर. 20 मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, गाडीची सावली गाडीखालीच. ऑनिंग कामाला येईल ते इथे. पण त्या वेळी बाहेर बसणार कोण? सावलीतसुद्धा झळा तोंड भाजून काढतात. आपण आत पंखा लावून आडवे. आणि चार वाजता सूर्य पश्चिमेला कलला की अडीच मीटर उंच गाडीची सावली पूर्वेला तीन मीटरच्या वर जाते. गाडी उत्तर-दक्षिण लावा, सावली फुकट! डिसेंबरात मार्कंड्याला वैनगंगेकाठी गेलो होतो तेव्हा तर सगळेच खुर्च्या उचलून उन्हात गेले.

पावसाळ्यात? तेव्हा ताडोब्याचा कोअर बंद. भामरागडला जाल तर पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. आणि अवकाळी वादळात असलं छप्पर म्हणजे पतंग. मागच्या एप्रिलमध्ये मूलजवळ आमची साधी ताडपत्री अशी फाटली की दोऱ्या तेवढ्या हातात राहिल्या.

राहिला संध्याकाळचा चहा. खरं तर मन त्यातच अडकलं होतं. सासऱ्यांना फोटो दाखवला तर ते हसलेच नाहीत. म्हणाले, "जवाईबापू, सांज झाली का भायेर नोका बसू. वाघाले कापडाचं काय भेव?" मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या काही हौसेने गेल्या नव्हत्या, पोटासाठी गेल्या होत्या. आपण हौसेखातर, तिन्हीसांजेला, त्याच जंगलाकडे तोंड करून खुर्च्या मांडायच्या? मला ते नुसतं धोक्याचं नाही, थोडं निर्लज्जपणाचंही वाटलं. वाघाने काही केलं तर धावपळ वनखात्याची आणि रोष गावाचा. आपण सोमवारी ऑफिसात.

कोकणात किनाऱ्यावर राहणाऱ्याने, किंवा म्हातारे आईवडील बरोबर नेणाऱ्याने जरूर घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. सकाळी दहा-अकराला बाहेर नाश्ता करायचा तर थोडी सावली लागते, हेही कबूल. त्यासाठी सासऱ्यांनीच तोडगा काढला. अंगणातल्या मांडवाचे दोन बांबू आणि हिरवी शेडनेट. एक कड गाडीच्या कॅरिअरला, दुसरी बांबूंना. वाऱ्याला आरपार जाता येतं म्हणून फाटत नाही, आणि गुंडाळी सीटखाली मावते.

बांबू मात्र मावत नाहीत. ते ब्रह्मपुरीलाच ठेवलेत.